आयकराची नोटीस आणि पहिलं उत्तर : इंदुरात कर-वकील कधी गाठायचा, कशासाठी आणि कोणत्या क्रमानं

नोटीस आली की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. दोन-चार दिवस कागद टेबलावर पडून राहतो. मग रिटर्न भरून देणाऱ्याला फोन जातो. तो म्हणतो, "व्हॉट्सॲपवर टाका, उत्तर देऊन टाकतो." दोन ओळींचं उत्तर जातं आणि घरचे निर्धास्त होतात. काही महिन्यांनी लाखोंच्या मागणीची ऑर्डर येते, तेव्हा कुठे कोणीतरी म्हणतं, "आता चांगला वकील बघायला हवा."

वकील बघायला हवाच होता, पण त्या दोन ओळी जाण्याआधी. पहिल्या उत्तरात जे मांडलं आणि जोडलं, त्यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं राहतं. पहिल्या अपिलात नवा पुरावा द्यायचा तर आयकर नियमांमधला ४६ए हा नियम आडवा येतो. आधी का दिला नाही, याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. पुढे आयकर अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे दुसऱ्या अपिलाच्या पायरीवर, हीच अडचण पुन्हा येते. उच्च न्यायालयात तर वाद फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालतो. तिथे पावत्यांचं गाठोडं उघडून दाखवता येत नाही.

मी वकील नाही. रामबागेत बसून लोकांची रिटर्न भरून देतो. माझं काम कुठे संपतं आणि वकिलाचं कुठे सुरू होतं, हे मी घरच्याच एका प्रकरणात फार उशिरा शिकलो. ते सातव्या टप्प्यात सांगेन.

एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं मात्र १९६१ च्या कायद्यानंच चालतात. सध्या हातात येणाऱ्या बहुतेक नोटिसा जुन्या वर्षांच्या आहेत, म्हणून खालची कलमं जुन्या कायद्यातली दिली आहेत.

## टप्पा १ : नोटीस खरी आहे का आणि कशाची आहे, ते पाहा

आयकर विभागाच्या पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन, म्हणजे दस्तऐवजाचा ओळख क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही हा क्रमांक टाकून पत्र खरं की खोटं ते कळतं. मोबाइलवर लिंक पाठवून "परतावा अडकला आहे, खात्याचा तपशील द्या" म्हणणारे संदेश नोटीस नसतात. ती लिंक उघडू नका.

मग स्वतःच्या लॉगिननं पोर्टल उघडा आणि ई-प्रोसीडिंग्जमध्ये पाहा. तुमच्या खात्यावर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल कोणाचा आहे, हेही तिथेच तपासा. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच लोकांत एकाच्या खात्यावर जुन्या सल्लागाराचा ई-मेल निघतो, नाहीतर वारलेल्या वडिलांचा नंबर. विभागानं तीन पत्रं पाठवलेली असतात आणि घरी एकाचाही पत्ता नसतो. आज दुसरं काही जमलं नाही तरी एवढं दुरुस्त करा.

नंतर नोटिशीतलं कलम पाहा. नोटिशीतली भाषा सगळीकडे सारखीच जड असते. प्रकरण किती गंभीर आहे, ते कलमावरून कळतं.

- १४३(१) : संगणकानं काढलेला हिशेब. बहुतेक वेळा आकडे जुळले नाहीत, एवढंच असतं.
- १३९(९) : रिटर्नमध्ये त्रुटी आहे. दुरुस्तीला १५ दिवस.
- १४२(१) : माहिती किंवा कागद मागितले आहेत, किंवा रिटर्न भरा असं सांगितलं आहे.
- १४३(२) : स्क्रुटिनी, म्हणजे रिटर्नची सखोल तपासणी.
- १४८ए आणि १४८ : जुनं वर्ष पुन्हा उघडायची तयारी.
- १३१ : समन्स. स्वतः हजर राहा किंवा कागद घेऊन या.
- २७०ए, २७१ वगैरे : दंड.

तपासा : नोटिशीवरचं नाव, पॅन आणि वर्ष. वर्ष चुकीचं वाचल्यामुळे भलत्याच वर्षाचे कागद दिलेली उत्तरं मी पाहिली आहेत. निर्धारण वर्ष २०२२-२३ म्हणजे आर्थिक वर्ष २०२१-२२ चं उत्पन्न.

## टप्पा २ : तारखा एका कागदावर लिहा

एक कोरा कागद घ्या आणि चार तारखा लिहा : नोटिशीवरची, ती पोर्टलवर किंवा ई-मेलवर आल्याची, उत्तराची शेवटची आणि तुम्ही ते रिटर्न भरल्याची. वकिलांकडे गेल्यावर पहिला प्रश्न याच तारखांचा असतो, कारण पुष्कळदा प्रकरणाची नस तिथेच सापडते.

उदाहरणार्थ, १४३(२) ची नोटीस रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत मिळायला हवी. जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरलं असेल, तर ३० जून २०२५ ही शेवटची तारीख. १४८ साठीही मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या नोटिसांना ती साधारणपणे निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने. सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याचं म्हणणं असेल, तर पाच वर्षं तीन महिने. नोटीस मुदतीबाहेरची निघाली तर तो शुद्ध कायद्याचा मुद्दा आहे, आणि तो वकिलानंच मांडायचा.

कागद जमवायला वेळ लागणार असेल तर पोर्टलवरूनच मुदतवाढ मागा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. कारण खरं आणि नेमकं लिहा : "बँकेकडून २०१६ चा खातेउतारा मागवला आहे, अर्जाची प्रत सोबत." "वैयक्तिक कारणामुळे" एवढ्यावर भागवू नका.

सावधान : मुदतवाढ मागितली म्हणजे मिळाली, असं नाही. पोर्टलवर नवी तारीख दिसेपर्यंत जुनीच धरून चला.

## टप्पा ३ : सीए, वकील की दोघंही

इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही जण १४३(१) ची साधी सूचना घेऊन मोठ्या वकिलाकडे धावतात. काही जण १४८ ची नोटीस हाती असूनही "आपले सीए बघतील" म्हणून स्वस्थ बसतात.

प्रश्न हिशेबाचा असेल तर सीए किंवा रिटर्न भरणारा पुरेसा आहे. टीडीएस जुळत नाही, बँकेचं व्याज दाखवायचं राहिलं, कपात चुकीच्या रकान्यात गेली, अशा गोष्टींना वकील लागत नाही. चूक नोंदीवरूनच उघड दिसत असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्याला ऑर्डरचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल, तर उत्तर जाण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

जुनं वर्ष उघडलं जातंय. १४८ए च्या कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या उत्तरावरच प्रकरण उघडायचं की नाही ते ठरतं.

घर, प्लॉट किंवा शेतजमिनीचा व्यवहार आहे. आपल्याकडे मोठ्या रकमेची प्रकरणं बहुतेक इथूनच येतात. रजिस्ट्रीतली किंमत कलेक्टर गाइडलाइनपेक्षा, म्हणजे त्या भागासाठी सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा, कमी असेल आणि फरक १० टक्क्यांची सवलत ओलांडत असेल, तर कलम ५०सी खाली गाइडलाइनची किंमतच विक्रीची किंमत धरली जाते. घर गल्लीत आत होतं, भाडेकरू बसला होता, भावाभावांचा वाद चालू होता, म्हणून भाव कमी मिळाला असेल, तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा अशी मागणी करता येते. ही मागणी पहिल्याच उत्तरात लिहायला हवी, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

रोख भरण्याचा स्रोत विचारला आहे. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते विभागाला कळवते. ३० लाख आणि त्यावरचे मालमत्तेचे व्यवहार निबंधक कळवतो. स्रोत पटला नाही आणि रक्कम कलम ६९ए खाली धरली गेली, तर जुन्या कायद्यात ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के होतात. दंड वेगळा.

चुकीची माहिती दिल्याचा आरोप आहे. उत्पन्न कमी दाखवलं तर करावर ५० टक्के दंड, चुकीची माहिती दिली तर २०० टक्के. या दोन शब्दांतला फरक लाखांचा आहे आणि तो शब्दांच्या लढाईतच ठरतो.

नोटीस वारलेल्या माणसाच्या नावावर आहे. वारसांनी घाईनं "आमच्या वडिलांच्या वतीनं" उत्तर देण्याआधी वकिलाला विचारा. मृत व्यक्तीच्या नावावर काढलेली नोटीस टिकते का, हा स्वतंत्र कायद्याचा प्रश्न आहे. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी कधी करायची, हेही त्यांनाच विचारा.

चूक रिटर्न भरणाऱ्याची असू शकते. जास्त परतावा मिळवून देतो म्हणून कोणी न दिलेल्या देणग्या किंवा न भरलेलं घरभाडं रिटर्नमध्ये टाकलं असेल, तर त्याच माणसाकडून उत्तर लिहून घेऊ नका. त्याला आधी स्वतःला वाचवायचं असतं.

आणखी एक फरक फार कमी लोकांना ठाऊक असतो. अशिलानं वकिलाला कामासाठी सांगितलेलं गुपित राखायला कायद्याचं संरक्षण आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये ते येतं. गुन्हा करण्यासाठी सल्ला घेतला तर मात्र ते लागू नाही. सीएही व्यवसायाच्या नियमांनुसार गोपनीयता पाळतात, पण पुराव्याच्या कायद्यातलं हे कवच वकिलासाठी आहे. पोटातलं सगळं सांगावं लागणार असेल, तर कुठे सांगायचं ते आधी ठरवा.

न्यायाधिकरणापर्यंत सीएही बाजू मांडू शकतात आणि कित्येक सीए ती फार चांगली मांडतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. माझ्या मते मोठ्या प्रकरणात दोघंही हवेत : आकडे सीएनं मांडायचे, मसुदा वकिलानं बांधायचा. दोघांची एकदा समोरासमोर बैठक घडवून आणा. निरोप्याचं काम तुम्ही केलंत तर दोन उत्तरांत दोन वेगळे आकडे जातात.

### क्रम मोडायची वेळ : समन्स आणि धाड

१३१ चं समन्स आलं की कागदांची जुळवाजुळव नंतर, आधी त्याच दिवशी वकील. तिथे जबाब नोंदवला जातो. जे आठवत नाही त्याला "आठवत नाही, कागद पाहून सांगतो" असं म्हणता येतं, आणि तेच खरं उत्तर असतं. अंदाजानं आकडा सांगू नका. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा आणि हिंदी-इंग्रजी जड जात असेल तर तसं स्पष्ट सांगा. जबाबाची प्रत मागा.

धाड पडली तर अधिकारपत्र पाहायला मागा. घरातल्या बाईची झडती बाईनंच घ्यायची असते. कोणाची तब्येत बिघडली तर डॉक्टर बोलावता येतो. दप्तर तपासून मुलांना शाळेत जाऊ द्यायचं असतं. पंचनाम्याची प्रत घ्या. धाड चालू असताना वकिलाला आत घेतीलच असं नाही, म्हणून शपथेवर जे बोलाल ते तोलून बोला. तो जबाब पुरावा म्हणून वापरला जातो. दडपणाखाली काही चुकीचं लिहून दिलं असेल, तर ते दुरुस्त करायला महिने लावू नका.

## टप्पा ४ : वकिलाकडे जाण्याआधीची फाइल

या टप्प्याला पूर्ण एक दिवस द्या. पिशवीभर कागद नेऊन वकिलासमोर ओतलेत, तर पहिली बैठक ते वेगळे करण्यातच जाते.

सगळ्यात वर एका पानाची हकीकत ठेवा. ती मराठीत लिहिली तरी चालेल. तारखेवार लिहा : आजोबांनी घर कधी घेतलं, वडील कधी वारले, वाटणी झाली का, तोंडी की लेखी, विक्री कधी झाली, पैसे कोणकोणत्या खात्यात आले, पुढे कुठे गेले. तुम्हाला अडचणीची वाटणारी गोष्टही लिहा. व्यवहारात काही रक्कम रोख होती का, हा प्रश्न वकील विचारतीलच. तिथे खोटं बोललात तर त्यांचा मसुदा खोट्या पायावर उभा राहील.

तिच्याखाली या क्रमानं :

१. नोटीस आणि त्या प्रकरणातली आधीची सगळी पत्रं.
२. आधी दिलेली उत्तरं आणि पोर्टलवरची पोच. रिटर्नवाल्यानं परस्पर काही पाठवलं असेल तर तेही काढा.
३. त्या वर्षाचं रिटर्न, आकडेमोडीचा तक्ता, फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या-भरलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (विभागाकडे असलेली तुमच्या व्यवहारांची यादी).
४. त्या वर्षाचे सगळ्या खात्यांचे उतारे. बंद केलेली आणि बायकोबरोबरची संयुक्त खातीही.
५. मुद्द्याचे कागद.

पाचव्यात काय घालायचं, ते प्रकरणावर अवलंबून. जुनं घर विकलं असेल तर रजिस्ट्री, मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, मंजूर नकाशा आणि दुरुस्तीची बिलं. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. तो नोटीस आल्यावर करून घेतला तरी चालतो, पण उत्तराबरोबर जायला हवा.

शेतजमिनीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण शहर सांवेर, देपालपूर आणि महूच्या दिशेनं पसरतंय आणि वडिलोपार्जित जमिनी विकणारी मराठी घरं खूप आहेत. "शेतजमिनीवर कर नसतो" हे अर्धसत्य आहे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत येत नाही, एवढंच खरं. ग्रामीण कोणती, ते अंतरानं ठरतं. इंदूरची लोकसंख्या दहा लाखांच्या वर, म्हणून इथे महापालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या पलीकडची. हे अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्यानं नाही. राजवाड्यापासून तर नाहीच. हद्द वाढत गेली आहे, तेव्हा विक्रीच्या तारखेला ती कुठे होती, ते पाहावं लागतं. शिवाय जवळ राऊ, हातोद, बेटमासारखी दुसरी नगर परिषद असेल तर तिचंही अंतर तपासायचं : लोकसंख्या दहा हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत असेल तर दोन किलोमीटर.

म्हणून फाइलमध्ये हवं : खसरा आणि बी-१ (जमिनीचे महसुली उतारे), भू-अधिकार व ऋण पुस्तिका, तहसील कार्यालयाचं अंतराबद्दलचं लेखी पत्र, नकाशा, मंडीत माल विकल्याच्या पावत्या, बियाणं-खताची बिलं. जमिनीचं डायवर्शन, म्हणजे बिगरशेती वापरासाठी बदल, झालं असेल तर तेही लपवू नका.

तपासा : मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि प्रती द्या. प्रत्येक प्रतीवर पान क्रमांक घाला आणि यादीची एक प्रत आपल्याकडेही राहू द्या.

## टप्पा ५ : वकील शोधणं आणि पहिली बैठक

इंदुरात या बाबतीत आपलं नशीब बरं आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचं पीठ इथेच आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ महात्मा गांधी मार्गावर आहे आणि आयकर भवन रेसिडेन्सीत, व्हाइट चर्चसमोर. कर-विषयातच काम करणारे वकील शहरात आहेत. तरीही लोक घराच्या दाव्यात किंवा चेकच्या केसमध्ये लावलेल्या ओळखीच्या वकिलाकडेच जातात. तो भला माणूस असेल, पण करकायद्याची वाट वेगळी आहे.

जाहिरात पाहून वकील निवडू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलानं जाहिरात करून काम मिळवायचं नसतं. तुमच्या सीएला दोन नावं विचारा. असंच प्रकरण ज्याच्या घरात झालं, त्याला विचारा.

पहिल्या बैठकीत हे प्रश्न संकोच न करता विचारा :

- या कलमाखालची प्रकरणं तुम्ही स्वतः चालवता का? कोणत्या पातळीपर्यंत?
- मसुदा कोण लिहिणार आणि पाठवण्याआधी मला दाखवणार का?
- माझ्या बाजूतला सगळ्यात कच्चा दुवा कोणता?
- काही कर खरोखर देणं लागतो का? असेल तर आत्ताच भरून वाद आटोपता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाला "काही काळजी करू नका" असं उत्तर मिळालं, तर दुसरं मत घ्या. चांगला वकील कच्चा दुवा पहिल्या अर्ध्या तासात दाखवतो. "साहेबांशी ओळख आहे, करून टाकू" असं म्हणणाऱ्याकडून उठून या. आता बहुतेक तपासणी फेसलेस, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन, होते आणि तुमची फाइल देशात कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ६ : फी आणि अधिकारपत्र

फी टप्प्यानुसार ठरवा : उत्तर देण्यापर्यंत किती, सुनावणीची किती, अपिलाची वेगळी किती, सरकारी शुल्क आणि टायपिंग-झेरॉक्स त्यात की वेगळं. लिहून घ्या, भले व्हॉट्सॲपवर. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा वाचलेल्या करात टक्केवारी घेणं वकिलाला नियमानं चालत नाही. तसा सौदा कोणी पुढे केला तर नको म्हणा.

अधिकारपत्र किंवा वकालतनाम्यावर सही करताना वर्ष आणि प्रकरण लिहिलेलं आहे ना, ते पाहा. कोऱ्या कागदावर सही नको. पोर्टलवर प्रतिनिधी जोडायची सोय आहे, ती वापरा.

सावधान : स्वतःचा पासवर्ड देऊ नका आणि फोनवर ओटीपी सांगू नका. आपल्या नावानं काय गेलं, हे नंतर शोधत बसावं लागतं.

## टप्पा ७ : पहिलं उत्तर

आता आत्याचं प्रकरण. तिनं सांवेरकडची जमीन विकली होती आणि पैसे खात्यात आले. १४२(१) ची नोटीस आली तेव्हा ती माझ्याकडेच आली. मी उत्तर लिहिलं : "सदर जमीन शेतीची असल्याने त्यावर कर आकारणी होत नाही." सोबत रजिस्ट्रीची प्रत जोडली, बस. अंतराचं पत्र नाही, खसरा नाही, मंडीची एकही पावती नाही. पावत्या तिच्या देवघराखालच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावून, वर्षवार ठेवलेल्या होत्या. मी विचारलंच नाही. ऑर्डरमध्ये लिहून आलं की करदात्यानं आपल्या म्हणण्याला पुरावा दिला नाही, आणि सगळा नफा करपात्र धरला गेला.

अपिलासाठी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि आधी माझं उत्तर मागितलं. एक ओळ वाचली, चष्मा काढला आणि आत्याला म्हणाले, "काकू, हे सगळे कागद तेव्हा घरात होते?" आत्या म्हणाली, "होते की, कोणी मागितलेच नाहीत." अपिलात त्यांना जमिनीआधी हेच समजावत बसावं लागलं की घरात असलेले कागद दिले का नव्हते.

म्हणून पहिलं उत्तर असं बांधा. नोटिशीतला प्रत्येक प्रश्न क्रमानं घ्या, एकही सोडू नका. प्रत्येक विधानाखाली कागद आणि त्याचा पान क्रमांक द्या. आधी वस्तुस्थिती, मग कायदा. मुदतीचा किंवा अधिकाराचा आक्षेप असेल तर तो सुरुवातीला लिहा, पण मूळ मुद्द्याचं उत्तरही द्या. एखादा कागद यायचा असेल तर "मागवला आहे, आल्यावर सादर करू" असं लिहून ठेवा. एक पर्यायी म्हणणंही असू द्या : जमीन ग्रामीण नाही असं ठरलंच, तर निदान खरेदी किंमत आणि कलम ५४बी ची (शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतल्यावरची) सवलत धरावी, अशा तऱ्हेचं. कोणती सवलत बसते, ते वकील ठरवतील.

वाढीव रक्कम धरायचा मसुदा पुढे आला आणि कारणे दाखवा नोटीस आली, तर त्याच उत्तरात व्हिडिओ सुनावणी मागा. फेसलेस म्हणजे बोलायला मिळत नाही, असा समज आहे. तो खरा नाही, पण मागावं लागतं.

तपासा : पाठवण्याआधी मसुदा स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर घरातल्या मुलीला किंवा सुनेला वाचून अर्थ सांगायला बसवा. तारीख, रक्कम, नातं यांतल्या चुका घरच्यांनाच दिसतात. उत्तर गेल्यावर पोच आणि जोडलेल्या प्रत्येक फाइलीची प्रत उतरवून ठेवा. एखादी फाइल चढलीच नाही, असं कितीदा तरी होतं.

## टप्पा ८ : ऑर्डर विरुद्ध गेली तर

त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. पहिल्या अपिलाला मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस असतात. फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा. शुल्क २५० ते १,००० रुपये, तेव्हा त्यासाठी कोणी अडत नाही. रिटर्नमध्ये स्वतः कबूल केलेला कर मात्र आधी भरलेला हवा, नाहीतर अपील दाखल करून घेत नाहीत.

अपील केलं म्हणजे वसुली थांबली, असं नाही. मागणी स्थगित करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि साधारणपणे मागणीचा काही भाग भरावा लागतो. हा अर्ज राहून गेल्यामुळे खातं गोठलेलं पाहिलं आहे, आणि तेही घरात लग्न ठरलेलं असताना.

अपील करायचं नसेल, तर २७०एए खाली दंडातून सुटका मागता येते का, ते लगेच विचारा. कर आणि व्याज मुदतीत भरायचं, अपील करायचं नाही आणि ऑर्डर मिळाली तो महिना संपल्यापासून एका महिन्यात अर्ज द्यायचा, अशा अटी आहेत. अपील की सुटका, हा निर्णय ३० दिवसांच्या आत व्हायला हवा, म्हणून पहिल्या आठवड्यातच बसा.

पुढची पायरी इंदूरचं न्यायाधिकरण. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अपिलाची मुदत, आदेश कळवला तो महिना संपल्यापासून दोन महिने अशी मोजतात. त्यानंतर उच्च न्यायालय, १२० दिवस.

दुकान असेल आणि नोटीस जीएसटीची असेल, तर हे सगळं वेळापत्रक वेगळं. पहिल्या अपिलाला तीन महिने, वादातल्या कराचे १० टक्के आधी भरायचे. उशीर झाला तर माफी जास्तीत जास्त आणखी एका महिन्यापुरती. आयकरात उशिराचं खरं कारण ऐकून घेतलं जातं, जीएसटीत त्या महिन्यापलीकडे अपिलीय अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. मध्य प्रदेशचं जीएसटी न्यायाधिकरण भोपाळला आहे, तेव्हा वकील तिथे जाणार का आणि जाण्या-येण्याचं काय, तेही आधीच विचारा.

ऑर्डर पोर्टलवर पहिल्यांदा दिसली, त्या दिवसाचा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा आणि ई-मेल पुसू नका. मुदतीचा वाद झाला तर वकील पहिली तीच गोष्ट मागतील.